ओपनबीएसडी ७.८: एका मुद्रितशोधिकेचा अभिप्राय

निर्णय आधीच सांगून टाकते, कारण वाचकाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवणारे अभिप्राय मला स्वतःला आवडत नाहीत. ओपनबीएसडी ही वाचणाऱ्या माणसाची ऑपरेटिंग सिस्टिम आहे. मिक्सर घरी आल्यावर आधी माहितीपुस्तिका वाचणारे आणि आधी चटणी वाटून बघणारे असे जगात दोन पंथ आहेत. दुसऱ्या पंथातल्यांनी इथूनच मागे फिरावं. पहिल्या पंथातल्यांनी मात्र संगणकातलं फारसं कळत नसलं तरी बिचकू नये.

मी मुद्रितं तपासते. राहते साताऱ्याला, कामं बहुतेक पुण्याच्या प्रकाशकांची. मशीन म्हणजे थिंकपॅड टी४३०, २०१२ चं मॉडेल, जुन्या लॅपटॉपांच्या दुकानातून घेतलेलं. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या वयाच्या प्रोसेसरला दारात उभं करत नाही. मशीन तर ठणठणीत. टाकवेना. नेटवर्किंगमध्ये नोकरी करणाऱ्या भाच्याने लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम सुचवली. बोलता बोलता ऑफिसच्या फायरवॉलवर ओपनबीएसडी चालतं असं म्हणाला आणि लगेच, "पण मावशी, ते तुझ्यासाठी नाही. त्यात प्रत्येक गोष्ट वाचत बसावी लागते." आता वाचण्याचेच तर मी पैसे घेते. दिवाळी अंकांचा हंगाम उरकला आणि पेनड्राइव्ह काढला.

हे लिनक्स नव्हे, एवढं आधी लक्षात घ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत वाढलेलं जे युनिक्स (ही एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम), त्याला बीएसडी म्हणतात. त्याच्या वंशात नेटबीएसडी झालं, आणि १९९५ मध्ये थिओ डी राट यांनी कॅनडातल्या कॅल्गरीहून त्यातून वेगळी चूल मांडली, ती ओपनबीएसडी. तुम्ही हे नाव ऐकलं नसेल, पण यांची एक वस्तू तुमच्या घरात असण्याची दाट शक्यता आहे. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायचं ओपनएसएसएच याच लोकांनी १९९९ मध्ये तयार केलं, आणि ते मॅकमध्ये, बहुतेक सगळ्या लिनक्समध्ये, अगदी विंडोज १० मध्येही आहे. लिनक्समध्ये गाभा (म्हणजे कर्नल, यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम) एकाचा, आज्ञा दुसऱ्यांच्या, बांधाबांध तिसऱ्याची. इथे गाभा, रोजच्या आज्ञा आणि माहितीची पानं एकाच गोतावळ्यातून येतात. हे वाचायला रुक्ष वाटेल, पण माझ्या अभिप्रायाचं निम्मं मर्म यातच आहे.

इन्स्टॉलेशन. प्रतिमा, म्हणजे पेनड्राइव्हवर उतरवायची इन्स्टॉलेशनची फाइल, एक जीबीचीही नाही. विंडोजवरूनच रुफस नावाचा प्रोग्राम वापरून पेनड्राइव्हवर उतरवली. सुरू केल्यावर चित्र नाही, माउस नाही, काळ्या पडद्यावर एकामागून एक प्रश्न. कीबोर्ड कुठला, मशीनला नाव काय द्यायचं, रूटचा (म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा) पासवर्ड काय, वेळ कुठली धरायची (आशिया/कोलकाता). बहुतेक प्रश्नांच्या शेवटी चौकटी कंसात एक उत्तर आधीच सुचवलेलं असतं आणि ते पटलं तर नुसतं एंटर दाबायचं. मला ही पद्धत फार आवडली. रंगीत खिडक्यांमध्ये 'पुढे' दाबत जाताना आपण नेमकं काय कबूल केलं हे कळत नाही. इथे प्रश्न एक, उत्तर एक, आणि दोन्ही पडद्यावर शिल्लक. डिस्कला पासफ्रेजचं कुलूप घालायचं का, हा प्रश्नही त्यातच येतो. मी हो म्हटलं. अप्रकाशित हस्तलिखितं असतात माझ्याकडे.

एंटरवर विसंबून चालत नाही अशा दोन जागा मात्र नवख्याने टिपून ठेवाव्यात. पेनड्राइव्हवरून बसवत असाल तर फाइलींचा ठिकाणा 'डिस्क' सांगितल्यावर ती आधीच जोडलेली आहे का, असं विचारतात. सुचवलेलं उत्तर 'यस' असतं, आपल्याला 'नो' लिहायचं असतं. त्यानंतर सहीची फाइल (फाइली अस्सल असल्याची खूण) सापडत नाही, तपासणी न करताच पुढे जायचं का, असा प्रश्न येतो आणि तिथे सुचवलेलं उत्तर 'नो' असतं. सुरक्षेचा एवढा बोलबाला असलेल्या मंडळींकडून हा प्रश्न आल्यावर कुणाचाही हात थांबेल. 'यस' लिहावं लागतं. उतरवलेल्या प्रतिमेची तपासणी आपण आधीच करून ठेवायची, असा त्यामागचा हिशेब आहे. हिशेब बरोबर असेल, पण तो त्या जागी एका ओळीत लिहायला काय हरकत होती? बाकी सगळीकडे इतकं नेटकं लिहिणाऱ्यांनी नेमकं इथे नवख्याला वाऱ्यावर सोडलंय.

वायफाय लगेच चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. इंटेलच्या कार्डाला लागणारं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) परवान्याच्या अटींमुळे या प्रतिमेत घालत नाहीत, ते नंतर उतरवावं लागतं. त्यामुळे राउटरला जोडायची वायर हाताशी हवी. वायर जोडली की एफडब्ल्यू_अपडेट ही आज्ञा आपल्या मशीनला काय काय लागतं ते बघून तेवढंच आणते. पुढे ईटीसी या सेटिंगांच्या फोल्डरमध्ये होस्टनेम.आयडब्ल्यूएन० नावाची फाइल करायची आणि तिच्यात दोन ओळी लिहायच्या. पहिलीत 'जॉइन', वायफायचं नाव, 'डब्ल्यूपीएकी' आणि पासवर्ड. दुसरीत 'आयनेट ऑटोकॉन्फ'. झालं. बाण, चाकं, लपवलेल्या सेटिंगांच्या पोटात सेटिंगं, काही नाही. दोन ओळींची फाइल, तीही मला उघडून वाचता येते.

या ओळी मला कुणी सांगितल्या? मशीननेच. आता मुख्य विषयावर येते.

युनिक्समध्ये 'मॅन' ही आज्ञा देऊन पुढे एखाद्या गोष्टीचं नाव लिहिलं की तिचं माहितीपान उघडतं. हे सगळ्याच युनिक्सांत आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती पानं जुनी, अर्धवट किंवा चार जणांनी चार तऱ्हांनी लिहिलेली असतात, असं भाचाच सांगतो. ओपनबीएसडीत माहितीपानातली चूक ही प्रोग्राममधल्या चुकीइतकीच चूक धरली जाते. आणि पान फक्त आज्ञेला नसतं. फाइलीला असतं, फोल्डरांच्या रचनेला असतं, मशीनमधल्या कार्डालाही असतं. माझ्या वायफाय कार्डाच्या चालकाचं, म्हणजे ड्रायव्हरचं, नाव आयडब्ल्यूएन. 'मॅन आयडब्ल्यूएन' लिहिलं. सुरुवातीला हे चालक कोणकोणती कार्डं चालवतं त्यांची यादी, माझं ६२०५ त्यात. मग फर्मवेअर लागतं ही सूचना, मग त्या दोन ओळींची उदाहरणं. शेवटी निदानाचा भाग, म्हणजे पडद्यावर कोणकोणते त्रुटिसंदेश येऊ शकतात आणि प्रत्येकाचा अर्थ काय. फर्मवेअर कोसळल्याचा एक संदेश आहे. त्याखाली काय झालं असावं, चालक आपणहून काय करील हे सांगून शेवटचं वाक्य येतं: असं व्हायला नको. तीन शब्द. ना माफी, ना रडकी स्मायली, ना 'काहीतरी बिघडलं, पुन्हा प्रयत्न करा'. इतक्या प्रामाणिक तळटिपा मी भल्याभल्या लेखकांच्या पुस्तकांत पाहिलेल्या नाहीत.

पहिल्यांदा रूट म्हणून आत शिरलात की टपाल आल्याची सूचना मिळते. 'मेल' लिहिलं की थिओ डी राट यांच्या नावाने स्वागताचं पत्र उघडतं, आणि त्यात 'आफ्टरबूट' हे माहितीपान वाचायचा सल्ला असतो. बसवून झाल्यावर काय काय तपासावं, कुठल्या क्रमाने, हे त्या पानात ओळीने दिलंय. नवख्यांसाठी वेगळं सोपं पुस्तक नाही. जे जाणत्यांना तेच आपल्याला, पण आरंभ कुठून करायचा ते सांगितलेलं. मला हा मान वाटला. इंग्रजी सलग वाचायचा ज्यांना कंटाळा आहे त्यांना मात्र हीच शिक्षा वाटेल, कारण मराठीत यातलं अक्षर नाही.

तसंच रात्रीचं टपाल. दर मध्यरात्रीनंतर दीड वाजता, मशीन चालू असेल तर, ते स्वतःची तपासणी करून रूटला पत्र टाकतं. व्यवस्थेच्या ज्या फाइली महत्त्वाच्या, त्यांत कालपासून काय बदललं ते त्यात असतं. काढलेल्या ओळीपुढे वजा, घातलेल्या ओळीपुढे अधिक. मी झोपेची कळ चालावी म्हणून एपीएमडी नावाची सेवा सुरू केली होती. रात्री एक संहिता संपवत बसले होते, तेवढ्यात पत्र आलं. आरसी.कॉन्फ.लोकल या फाइलीत 'एपीएमडी_फ्लॅग्ज' ही ओळ वाढली आहे, पुढे अधिकचं चिन्ह. बदल मीच केलेला, तरी मशीनने नोंद करून मला दाखवला. पहिल्या आणि दुसऱ्या मुद्रितातला फरक काढून देणारा असा मदतनीस मला अनेक छापखान्यांत हवा होता.

आता दिसणं. ग्राफिक पडदा सुरू केला की सुरुवातीला मिळतो तो एफव्हीडब्ल्यूएम हा खिडक्या मांडणारा प्रोग्राम, आणि तो नव्वदच्या दशकातून जसाच्या तसा उचलून आणलाय. जाड चौकटी, करडेपणा. कुणाला तो जुना बाज आवडतोही, मला नाही. प्रोग्राम बसवणाऱ्या पीकेजी_ॲड आज्ञेने एक्सएफसीई हा डेस्कटॉप मागवला, त्याबरोबर फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, पीडीएफसाठी ओक्युलर आणि नोटो फॉन्ट. बसवलेल्या पॅकेजला काही खास सूचना असतील तर त्यांची वाचनफाइल एका ठरलेल्या फोल्डरमध्ये येऊन पडते. एक्सएफसीई आपोआप कसा सुरू करायचा तेही तिथेच मिळालं. रूट न होता रूटची कामं करायला इथे लिनक्ससारखी सुडो ही आज्ञा नाही, डूॲझ आहे. त्याची नियमांची फाइल आपण केल्याशिवाय तो काम करत नाही, पण नमुना ईटीसीमधल्या एक्झाम्पल्स फोल्डरमध्ये तयार असतो. एका ओळीचा नियम पुरतो.

फायरफॉक्सने मात्र पहिल्याच दिवशी गोंधळात टाकलं. तपासलेली पीडीएफ ईमेलला जोडायला गेले तर माझ्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधलं काही दिसेचना. फाइली गेल्या की काय! गेल्या नव्हत्या. यामागे 'अनव्हील' नावाची सोय आहे, २०१८ च्या ६.४ आवृत्तीपासूनची. प्रोग्राम सुरू होतानाच त्याला डिस्कचा कुठला भाग दिसावा हे ठरवलं जातं. तिची जोडीदार 'प्लेज', २०१६ ची, प्रोग्रामकडून आधीच वदवून घेते की मी अमुकच कामं करीन. वचन मोडलं की गाभा त्याला तिथल्या तिथे मारून टाकतो. इथल्या फायरफॉक्सला घरातला डाउनलोड्स फोल्डर दिसतो, बाकीचं घर नाही. एखाद्या दुष्ट पानाने ब्राउझर काबीज केला तरी हस्तलिखितांपर्यंत त्याचा हात पोचू नये म्हणून. आता पाठवायची प्रत आधी डाउनलोड्समध्ये टाकते. एक पायरी वाढली, कबूल. पण कारण कळलं की पायरीचा राग येत नाही.

मायक्रोफोनचंही तसंच. मूळ सेटिंगमध्ये तो मुका असतो; ध्वनिमुद्रण सुरू असलं तरी नुसती शांतता नोंदली जाते. कॅमेऱ्यालाही तसंच झाकण. संपादकांशी व्हिडिओवर बोलायचं असेल तर सिसकंट्रोल या सेटिंगं बदलणाऱ्या आज्ञेच्या किल्ल्या आपण फिरवायच्या, आणि कॅमेऱ्याच्या फाइलीवर स्वतःला हक्क द्यायचा. मी फिरवते, बोलणं झालं की परत बंद करते.

उणीवा. ब्लूटूथ नाही. म्हणजे सेटिंग सापडत नाही असं नव्हे. २०१४ मध्ये ते काढूनच टाकलं, कारण ते धड चालत नव्हतं. वायरचे इअरफोन शोधून काढावे लागले. विंडोजचे प्रोग्राम इतरत्र चालवणारं 'वाइन' हे सॉफ्टवेअर नाही, त्यामुळे विंडोजचे प्रोग्राम चालत नाहीत. ज्यांचं पोट पेजमेकर, कोरलड्रॉ आणि जुन्या युनिकोडपूर्व फॉन्टांवर अवलंबून आहे अशा डीटीपीवाल्या मित्रमैत्रिणींनी इकडे फिरकूच नये. एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असलेल्यांनीही नको. वेगाचं म्हणाल तर टी४३० वर फायरफॉक्स उघडायला विंडोजपेक्षा जास्त वेळ घेतो. प्रोसेसरचं हायपरथ्रेडिंग २०१८ पासून मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवलंय, तेही सुरक्षेपायी. चार धाग्यांचा प्रोसेसर दोनच धाग्यांवर चालतो. आणि फाइल सिस्टिमला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही, नाही. वीज गेली, बॅटरीनेही मान टाकली, की पुढच्या वेळी सुरू होताना डिस्क तपासायला बसते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कशी असते ते साताऱ्याच्या वाचकांना सांगायला नको. इन्व्हर्टर किंवा चांगली बॅटरी, दोहोंपैकी एक हवंच.

मराठीचं काय, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसमध्ये नोटो फॉन्टसह देवनागरी निर्दोष दिसते. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतला फरक नीट उमटतो, 'ऱ्हास' मोडत नाही. टायपिंग मी इनस्क्रिप्टने करते. सेटएक्सकेबीमॅप आज्ञेला 'यूएस' आणि 'इन' असे दोन आराखडे दिले, अदलाबदलीची कळ ठरवली, की काम सुरू. र साठी जे, ऱ साठी शिफ्ट-जे, सगळं जागच्या जागी. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना वेगळं जोडकाम करावं लागेल.

पण एक्सटर्म या मूळ टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) देवनागरीची दैना आहे. पहिली वेलांटी व्यंजनाच्या भलत्या बाजूला, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. फॉन्ट बदलूनही उपयोग नाही, कारण अक्षरं जुळवायची कला त्याला अवगतच नाही.

आणि क्रमवारी. पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची लावणं हेही माझं काम. युनिक्सची 'सॉर्ट' आज्ञा म्हणजे या कामाचा जादूचा दिवा असं ऐकून होते. तिला 'कहर, कवच, कळ, कल' दिलं तर उत्तर येतं कल, कळ, कवच, कहर. मराठी कोशात ळ हा ह नंतर येतो, म्हणजे कल, कवच, कहर, कळ असं हवं. क्ष आणि ज्ञ शेवटी जायचे ते क आणि ज च्या पोटात शिरतात, आणि 'ॲलर्जी' थेट 'हळदी'च्या मागे जाऊन उभी राहते. कारण असं की ओपनबीएसडी युटीएफ-८ अक्षरं ओळखतं, पण कुठल्याही भाषेचा स्वतंत्र वर्णक्रम पाळत नाही. युनिकोडने दिलेल्या क्रमांकानुसार शब्द लावून मोकळं होतं. त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसलाय, आणि ॲ नंतर भरती झाल्यामुळे ह च्याही पलीकडे. हे दडवलेलंही नाही, स्थानिक भाषांविषयीच्या माहितीपानात काय चालतं आणि काय चालत नाही ते स्पष्ट लिहिलंय. तरी ही उणीव माझ्या कामाच्या वर्मावरच आहे. सूच्या मी लिब्रेऑफिसमध्ये लावते आणि वरून डोळा फिरवते.

गंमत म्हणजे इंग्रजीसाठी 'स्पेल' नावाची जुनी युनिक्स आज्ञा इथे अजून नांदते, ब्रिटिश स्पेलिंगसाठी वेगळा पर्यायही आहे. इंग्रजी प्रस्तावना असलेलं पुस्तक हातात असलं की वापरते.

पैसे लागत नाहीत. द्यावेसे वाटले तर कॅनडातल्या ओपनबीएसडी फाउंडेशनला देणगी देता येते.

देखभाल म्हणजे दोन आज्ञा. सिसपॅच किरकोळ दुरुस्त्या आणते. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते, तेव्हा सिसअपग्रेड ती उतरवून, मशीन बंद-चालू करून, स्वतःच बसवते. मागाहून पॅकेजं ताजी करायची. दुरुस्त्या शेवटच्या दोन आवृत्त्यांनाच मिळतात, म्हणजे एका आवृत्तीवर सुमारे वर्षभर राहता येतं. उन्हाळ्याच्या सुमारास येणारी आवृत्ती लगेच घेईन, तेव्हा हाताला कामं कमी असतात. ऑक्टोबरची येते नेमकी दिवाळी अंकांच्या फॉर्मांमध्ये, ती नोव्हेंबरात बघू.